वर्षाची बेगमी

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां गांव नमुना बारा, म्हणजे पीकपाहणीचा नमुना, माझ्या हातांखालून हजारों वेळां गेला असेल. नोकरीच्या आरंभीं ज्या गटांपुढें जोंधळा, तूर, हुलगा, मटकी, करडई, जवस अशीं पांचसहा नांवें एकाखालीं एक मांडावीं लागत, त्याच गटांपुढें शेवटच्या वर्षांत ऊस, डाळिंब किंवा मका असा एकच शब्द लिहून काम भागूं लागलें. लेखणीचे श्रम वांचले, यापलीकडे त्या वेळीं मला त्यांत कांहीं दिसलें नाहीं. पुढें सहा वर्षांपूर्वीं मुदतीआधींच निवृत्ति घेऊन मंगळवेढें तालुक्यांतील आमच्या गांवीं परत आलों, घरचा व शेताचा हिशेब हातीं घेतला, आणि त्या एका शब्दाचा अर्थ उलगडला. आठ एकर जिराईत रानाचा खातेदार ऐन श्रावणांत कापडी पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा आहे व किलो-अर्धा किलोनें तुरीची डाळ मागत आहे, असा देखावा मीं पाहिला. तो खातेदार मीच होतों.

झालें तें असें. पौषांत तुरीची रास झाली. पांच पोतीं माल निघाला. माझी थोरली चुलती, जिला आम्ही सर्वजण काकू म्हणतों, ती म्हणाली, “बाबा, एक पोतं घरांत राहूं दे. चैतांत डाळ भरडूं.” मीं तिला कारकुनी पद्धतीनें समजाविलें कीं, पोतें घरांत पडून राहिलें तर तेवढा पैसा अडकतो, आणि डाळ काय, दुकानांत बारा महिने मिळते. पांचही पोतीं एकाच खेपेंत बाजार समितींत गेलीं. ज्येष्ठ सरतांना घरांतील डाळीचा डबा रिकामा झाला, आणि आषाढापासून तीच वस्तु विकल्या भावाच्या जवळजवळ दीडपट दर देऊन घरांत येऊं लागली. यांतला कांहीं भाग गिरणीच्या मजुरीचा व डाळ करतांना येणाऱ्या तुटीचा, हें खरें. परंतु सर्व नव्हे. काकू एका शब्दानेंही बोलली नाहीं. ती बोलली असती तर बरें झालें असतें.

याबद्दल व्यापाऱ्यास शिव्या देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मला तो न्यायाचा वाटत नाहीं. राशीच्या दिवसांत सगळा तालुका एकदम माल घेऊन बाजारांत उतरतो, म्हणून भाव पडतो. पावसाळ्यांत घराघरांतील डबे एकदम रिकामे होतात, म्हणून भाव चढतो. व्यापारी या दोहोंच्या मध्यें कोठार बांधून बसतो. तेंच कोठार, घरच्या खाण्यापुरतें कां होईना, आपल्या घरांत कां नसावें, एवढाच प्रश्न आहे.

याला उत्तर तयार असतें, आणि तें खोटें नाहीं. सोसायटीचें पीककर्ज मार्चअखेर फेडावयाचें असतें. तें थकलें तर व्याजाची सवलत जाते. पैसा हवा, म्हणून माल विकावा लागतो. परंतु यासाठीं बाजार समित्यांतून शेतमाल तारण कर्जाची योजना राज्य कृषि पणन मंडळानें १९९० सालापासून चालविली आहे. माल समितीच्या गुदामांत ठेवला, तर किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांच्या मुदतीनें सालीना ६ टक्के व्याजानें मिळते. विकावयाचा माल तारण ठेवावा, कर्ज भागवावें, व भाव पाहून सोडवावा. खाण्याचें धान्य या व्यवहारांत आणूंच नये. तें राशीवरच वेगळें मोजून घरांत न्यावें. बियाण्याचें आपण तसेंच करतों कीं नाहीं? मग पोटाचें कां नाहीं?

आतां घरास लागतें किती, हें कोणास नक्की माहीत असतें काय? आमच्या घरीं कोणास नव्हतें. काकूस अंदाज होता, पण तो पायलीचा. माझ्या वहींत तो उतरेना. तेव्हां मीं महिनाभर स्वयंपाकघरांत तराजू मांडला. घरांत माणसें सात : काकू, आम्ही उभयतां, मुलगा, सून व दोन नातवंडें. जोंधळ्याचें पीठ रोज सरासरी २ किलो लागलें. म्हणजे वर्षाचे ७ क्विंटल ३० किलो. पाहुणा-रावळा, जत्रा व रानांतली माणसें यांची भर धरून ८ क्विंटल. गहूं दीड क्विंटल व तांदूळ ५० किलो. डाळी-कडधान्यें सगळीं मिळून रोज ३०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारें ११० किलो; त्यांत तुरीची डाळ ५०, हरभऱ्याची २०, व बाकीचीं मटकी, मूग आणि हुलगा. घरच्या जात्यावर तुरीची डाळ शेंकडा सत्तरांच्या आसपास पडते, म्हणून ५० किलो डाळीसाठीं ७० किलोंहून थोडी जास्तच तूर ठेवावी. मीठ रोज ७० ग्रॅम, वर्षाला २५ किलो. डॉक्टर माणशीं ५ ग्रॅम पुरे म्हणतात. आमच्या घरीं दुप्पट जातें, हेंही तराजूनेंच उघडकीस आणलें.

२०२४-२५ सालासाठीं सरकारनें मालदांडी ज्वारीस क्विंटलला ३४२१ रुपये व तुरीस ७५५० रुपये आधारभाव ठरविला होता. त्या दरानें ८ क्विंटल जोंधळा २७,३६८ रुपयांचा व ७० किलो तूर ५,२८५ रुपयांची होते. दोहोंची बेरीज ३२,६५३. सात माणसांत व तीनशें पांसष्ट दिवसांत वांटली तर माणशीं दररोज १३ रुपयांहून कमी. आणि भाकरीबरोबर आमटी ही जोडी कांहीं केवळ गरिबीची नव्हे. जोंधळ्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो व डाळींत तो भरपूर असतो, असें आहारशास्त्र सांगतें. हुलगा व मटकी तर हलक्या रानांत थोड्या ओलीवर येतात. पावसाळ्यांत भाजी महाग झाली म्हणजे शेंगोळे व माडगें यांवर आमच्या घरचे दोन-दोन आठवडे सहज निघतात.

कोणी म्हणेल, रेशन आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्राधान्य कुटुंबास माणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें, व १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. ज्यांस तें मिळतें त्यांचा मोठा आधार आहे, यांत संशय नाहीं. परंतु ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमांच्या आसपास. आणि तें बहुतेक गहूं-तांदळाच्या रूपानें येतें. भाकरीवर वाढलेल्या व दिवसभर रानांत राबणाऱ्या माणसाचें तेवढ्यावर भागत नाहीं.

आमच्या भागांत पूर्वीं ही बेगमी पेवांत असे. गांवठाणाच्या पांढरींत, जेथें पाणी मुरत नाहीं अशी उंच जागा पाहून, तोंडाशीं अरुंद व पोटाशीं रुंद असा खड्डा खणीत. आंत जाळ करून तो भाजून घेत, तळाशीं व कडेनें वाळला कडबा व भुसकट लावीत, आणि जोंधळा भरून तोंड दगड-मातीनें लिंपीत. आंत कोंडलेला दाणा श्वास घेतो. त्यानें प्राणवायु संपत जातो, कर्बवायु भरतो, व त्यांत किडा जगत नाहीं. आज बाजारांत हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचें तत्त्व हेंच. पेव उघडल्याबरोबर आंत उतरलेला माणूस गुदमरून मरे, तो याच वायूनें. म्हणून जुनीं माणसें तोंड उघडून पुष्कळ वेळ तसेंच ठेवीत, मग पेटता कंदील दोरीनें सोडीत, व तो जळत राहिला तरच उतरत. दुष्काळांत बादशाही कोठारें उपाशी लोकांस खुलीं करणारे दामाजीपंत मंगळवेढ्याचेच. ही कथा पंधराव्या शतकांतील म्हणून सांगितली जाते. ते महसुलाचे अधिकारी होते, हें आम्हां महसुली माणसांस विसरतां येत नाहीं. तीस वर्षांच्या नोकरींत तसा पराक्रम करण्याचा प्रसंग मजवर आला नाहीं, ही गोष्ट निराळी.

१९७२ च्या दुष्काळांत मी पांच वर्षांचा होतों. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो येई, व खडी फोडण्याच्या कामावर मुलांस सुकडी मिळे. आमच्या पेवांत दोन वर्षांपूर्वींचा जोंधळा होता. तो काढला तेव्हां त्यास उग्र वास येत होता, व भाकरी पिवळसर होई; परंतु चूल पेटत राहिली. आजोबांनीं भावकींतील चार घरांस त्यांतून पायलीनें मोजून दिला. १९७३ च्या उन्हाळ्यांत पेव रितें झालें, पण तोंवर दिवस निघाले होते. भावकींतीलच पांचव्या घरानें मात्र आदल्या पौषांत सगळा जोंधळा विकून विहिरीस पैसा घातला होता. विहिरीस पाणी लागलें नाहीं, आणि मागावयास येण्याचा त्यांस संकोच वाटला. तें घर पुण्याकडे गेलें तें परत आलें नाहीं. त्यांच्या सहा एकरांचा फेरफार मीं पुढें नोकरींत असतांना जुन्या दप्तरांत वाचला. त्या रानाच्या बांधावरून मी आजही रोज जातों.

पेवें बुजलीं, गांवठाणांत आतां सिमेंटचे रस्ते झाले आहेत. म्हणून दुकानच्या पायरीवर उभा राहिलों त्याच्या पुढच्या वर्षीं मीं पत्र्याची मोठी कोठी आणली, आणि पहिल्या चुकीच्या अगदीं उलट चूक केली. फाल्गुनांत जोंधळ्याची रास पडली होती, तोंच अवकाळी पाऊस आला व कणसें भिजलीं. मळणी झाल्यावर दाणा दोन दिवस उन्हांत पसरला. वरून तो खडखडीत दिसे. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं, दाणा अजून उन्हानें गरम असतां, सहा क्विंटल जोंधळा कोठींत भरला व कोठी भिंतीस टेकवून ठेवली. भाद्रपदांत झांकण काढून हात घातला, तों आंत ऊब लागली. मधला दाणा ढेपा होऊन बसला होता व त्यावर हिरवी-पांढरी बुरशी आली होती. दोन क्विंटलांच्या आसपास धान्य गेलें. गुरांस घालावें म्हटलें, तर काकूनें तेंही करूं दिलें नाहीं, व तिचें बरोबर होतें. बुरशीचें विष गुरांसही बाधतें. तें सगळें उकिरड्यांत पुरलें. पुरतांना सून तेथें उभी होती. तिनें तो जोंधळा सुपानें पाखडला होता.

म्हणून वाळविण्याबद्दल थोडें विस्तारानें लिहितों, कारण सगळी बेगमी येथेंच साधते किंवा फसते. जोंधळा-गव्हांत ओल शेंकडा १२ च्या वर नसावी, व कडधान्यांत ९ ते १० च्या वर नसावी, असें शास्त्रज्ञ सांगतात. काकूजवळ यंत्र नाहीं. ती दाणा दाढेखालीं धरते. कट्‌ असा आवाज होऊन तो फुटला तर वाळला, चेपला तर नाहीं. मला तिच्या दाढेचा भरंवसा आहे, पण माझ्या नाहीं; म्हणून मी दुसरी परीक्षा घेतों. कोरड्या कांचेच्या बाटलींत मूठभर कोरडें मीठ व त्याच्या दुप्पट-तिप्पट धान्य घालून बूच लावावें, कांहीं मिनिटें हलवावें व थोडा वेळ ठेवावें. मीठ कांचेस चिकटून राहिलें तर धान्य नक्की ओलें. परंतु या परीक्षेनें मोठी ओलच तेवढी सांपडते. मीठ सुटें राहिलें म्हणून लागलीच भरूं नये, आणखी दोन उन्हें द्यावींत. दाणा जमिनीवर न पसरतां ताडपत्रीवर पसरावा, दर दोन तासांनीं हात फिरवावा, व सूर्य मावळण्यापूर्वीं गोळा करून झांकावा, नाहीं तर रात्रीचा गारवा दिवसाचें काम फुकट घालवितो. वाळलेलें धान्य रात्रभर सावलींत निवूं द्यावें व सकाळीं भरावें. गरम दाणा पत्र्यांत कोंडला म्हणजे त्याची वाफ झांकणाखालीं पाणी होऊन पुन्हा धान्यावर उतरते. माझ्या कोठींत हेंही झालें असलें पाहिजे. कोठी विटांवर किंवा फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर असावी. चैत्र-वैशाखाचें ऊन हें फुकटचें औषध आहे, व तें मृगापूर्वीं संपतें.

जोंधळा कोणता ठेवावा, हेंही पाहावें. खरिपाच्या संकरित वाणावर काढणीच्या वेळीं पाऊस पडला तर दाणा काळा पडतो. तो टिकत नाहीं. रब्बीचा शाळू चांगला टिकतो. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आमच्याकडे अजून चालते. भाकरीस तिच्याहून सरस असें मला दुसरें मिळालें नाहीं. मात्र पीठ सांठवूं नये, दाणा सांठवावा. जोंधळ्याचें पीठ लवकर खवट होतें. बाजरीचें तर त्याहूनही लवकर कडू होतें. आठवड्यापुरतेंच दळावें.

कडधान्यांचा प्रकार निराळा. त्यांतील भुंगा आपल्या कोठींत जन्मतो असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तो शेतांतूनच येतो. शेंग पिकत असतां मादी त्यावर अंडीं घालते, आणि घरांत आल्यावर पुढच्या पिढ्या वाढतात. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसले तर तीं अंडीं समजावीं. म्हणून तूर व हरभरा यांचा खाण्याचा भाग वैशाखाच्या आंत भरडून डाळ करून ठेवावा; भुंगा अंडीं घालावयास अख्खा दाणा पसंत करतो, डाळीवर त्याचें तेवढें चालत नाहीं. आमच्या घरीं तूर रात्रभर भिजवून तांबड्या मातीचा हात देतात, कडक उन्हांत वाळवितात व जात्यावर भरडतात. मटकी, मूग व हुलगा अख्खेच ठेवावे लागतात. त्यांस किलोमागें चमचाभर, म्हणजे सुमारें ५ मिलिलिटर, खाण्याचें तेल किंवा एरंडेल चोळलें असतां अंडीं मरतात. तसेंच मडक्यांत धान्य भरून वर तीन बोटें जाडीचा, भाजून कोरड्या केलेल्या वाळूचा थर द्यावा. त्यामुळें भुंग्याचें येणें-जाणें बंद होतें. काकू कडुलिंबाचा वाळला पालाही घालते. त्याचा उपयोग होतो, पण ओल्या धान्यास पाला तारीत नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. धान्यांत टाकावयाच्या विषारी वायूच्या गोळ्या, ज्यांस अॅल्युमिनियम फॉस्फाइड म्हणतात, त्या राहत्या घरांत कधींही आणूं नयेत. परवानाधारक माणसांशिवाय त्या वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. त्यांचा वायु रात्रीं निजल्या माणसांचा जीव घेतो. चार किलो मटकीसाठीं हा धोका पत्करणारीं घरें मला माहीत आहेत.

बाकीच्या जिनसांचें थोडक्यांत सांगतों. भुईमूग शेंगांतच ठेवावा, लागेल तसा फोडावा. बुरसट किंवा काळपट दाणा निवडून फेंकून द्यावा, जनावरांसही घालूं नये. चिंच चैत्रांत फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करावे. गूळ पावसाळ्यांत पाझरतो, म्हणून तो बेताचाच घ्यावा. मिरची देठांसह वाळवावी. गवार, भेंडी, मेथी यांचीं वाळवणें व सांडगे यांबद्दल मी लिहावें असें कांहीं नाहीं. घरांतील बायकांस तें मजहून शंभर पटीनें माहीत आहे. किंबहुना या लेखांतील बहुतेक काम त्याच करतात, व आम्ही पुरुष पोतें कोठें विकावें एवढें ठरवितों. निदान तें ठरवितांना त्यांस विचारावें. मीं पहिल्या वर्षीं विचारलें नव्हतें, सांगितलें होतें.

आतां रानाचें. माझ्या जिराईत रानांत बऱ्या वर्षीं एकरीं चार क्विंटल जोंधळा येतो. म्हणजे आठ क्विंटलांस दोन एकर पाहिजेत. कडबा वर मिळतो, व तो बैलांचें वर्ष काढतो. परंतु हस्ताचा पाऊस हुकला तर निम्माही येत नाहीं, म्हणून मी तीन एकर पेरतों. कडेनें व आंतरपिकांत तूर असते. उरलेल्या पांच एकरांत मुलगा मका लावो किंवा आणखी कांहीं; त्यांत मी बोलत नाहीं. जुनें धान्य पूर्ण संपल्याखेरीज नव्याचें तोंड उघडावयाचें नाहीं, आणि जुनीं पोतीं उकळत्या पाण्यांतून काढून उन्हांत टाकल्याखेरीज पुन्हा भरावयाचीं नाहींत, हे दोन नियम सुनेनें घातले आहेत व ते सर्वांवर लागू आहेत.

हा मजकूर लिहितांना भाद्रपद चालू आहे. कोठींत आज चार क्विंटल दहा किलो जोंधळा आहे. काल सकाळीं मुलाबरोबर मापून घेतला. तूरडाळ चोवीस किलो आहे. मटकीच्या एका मडक्यांत वाळूचा थर खचला होता, त्यांत भुंगा सांपडला. तेवढी मटकी उन्हांत टाकून निवडावयास घेतली आहे. काकूस आतां दिसत नाहीं. ती रोज दुपारीं कोठीजवळ येते, खालच्या तोंडांतून मूठभर दाणे हातावर घेते, एक दाढेखालीं धरते, आणि बाकीचे परत आंत टाकते.